शिखर आणि शिल्लक

सुट्टीच्या दिवशी पहाटे घाटकोपरहून लोणावळ्यास निघालेल्या कुटुंबांना खोपोलीच्या पुढे, जुन्या रस्त्याने बोरघाट चढणारे सायकलस्वार पुष्कळदा दिसतात. मोटारीतील मंडळींना त्यांचे कौतुक वाटते, थोडी कीवही येते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत हा घाट सर्वांआधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला जाई. मात्र घाटाचा राजा तोच शर्यतीचा विजेता, असे समीकरण नव्हते. घाटमाथ्यानंतरही पुणे बरेच दूर असते.

हा भेद ज्याच्या साऱ्या कारकिर्दीत उतरला, तो स्पेनचा फेडेरिको बाहामोन्तेस. त्याचा जन्म १९२८ साली टोलेडो प्रांतातील एका गरीब कुटुंबात झाला. यादवी युद्धानंतर देशात अन्नधान्याची तीव्र टंचाई होती. तरुण फेडेरिको बाजारात काम करी आणि सायकलवर माल लादून वाहून नेई. टोलेडो हे टेकडीवर वसलेले गाव. पोटासाठी केलेल्या त्या खेपांतूनच त्याचे पाय तयार झाले.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य विरोधक वारा असतो. तेथे संघातील सहकाऱ्यांच्या आडोशाने जाणाऱ्याचे श्रम पुष्कळ वाचतात. चढावर वेग मंदावतो, आडोशाचा लाभ घटतो आणि प्रत्येकाला आपले वजन स्वतःच वर न्यावे लागते. म्हणून तेथे सडपातळ, दमदार स्वार पुढे निघतो. बाहामोन्तेस असा स्वार होता. १९५४ साली तो प्रथमच ‘टूर द फ्रान्स’ या तीन आठवड्यांच्या शर्यतीत उतरला आणि डोंगरचढाईचे पारितोषिक त्याने पटकावले. एकूण निकालात मात्र पहिल्या वीसजणांतही त्याचे नाव नव्हते.

त्याच वर्षीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका घाटमाथ्यावर सर्वांच्या आधी पोहोचून तो आइस्क्रीम खात उभा राहिला. लोकांना त्यात ऐट दिसली. त्याचा स्वतःचा खुलासा साधा होता: चाकाच्या तारा तुटल्या होत्या आणि दुरुस्तीची गाडी यायची होती. पण उताराची त्याला भीती वाटे, हेही तितकेच खरे. पूर्वी एकदा उतारावरून तो निवडुंगात जाऊन पडला होता. एकट्याने उतरण्यापेक्षा मागच्यांची सोबत त्याला बरी वाटे. चढावर कमावलेली मिनिटे अशी उतारावर खर्ची पडत. मिळकत मोठी आणि शिल्लक नाममात्र, अशी ही स्थिती होती.

१९५९ साली तो इटलीचा महान सायकलपटू फाउस्तो कोप्पी याच्या नावाच्या संघात होता. कोप्पीने स्वतः ही शर्यत दोनदा जिंकलेली होती. केवळ डोंगरांच्या गुणांवर समाधान न मानता संपूर्ण शर्यतीचे ध्येय ठेव, असा त्याने आग्रह धरला. त्या वर्षी प्यूई द डोम या डोंगरावर साडेबारा किलोमीटरची चढाई प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाविरुद्ध करायची होती. ती बाहामोन्तेसने जिंकली. फ्रेंच संघातील आँकेतील आणि रिव्हिएर हे दोघे बलाढ्य स्वार आपसातील चढाओढीतच गुंतले होते. त्याचाही त्याला लाभ झाला. चार हजारांहून अधिक किलोमीटरच्या शर्यतीअखेर तो अवघ्या चार मिनिटांच्या आघाडीने विजेता ठरला. हा मान मिळवणारा तो पहिला स्पॅनिश स्वार. डोंगरचढाईचे पारितोषिकही त्या वर्षी त्याचेच होते. चढण्याची त्याची कला पूर्वीचीच होती; ती कशासाठी वापरायची, एवढेच बदलले होते.

डोंगरचढाईचे हे पारितोषिक त्याने एकूण सहा वेळा मिळवले. १९६५ साली निवृत्त होऊन त्याने टोलेडोत सायकलींचे दुकान चालवले आणि पुढे अनेक वर्षे आपल्या भागात शर्यतही भरवली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, पंच्याण्णवाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

व्यापारी कुटुंबास ही कथा परकी वाटू नये. दिवाळीच्या हंगामातील विक्री हा चढ असतो. सर्वांच्या नजरा त्यावर असतात. उधारीची वसुली, पडून राहिलेला माल आणि बँकेचे हप्ते हा उतार. तेथे टाळ्या वाजत नाहीत. एखाद्या घरातील मुलगा गिऱ्हाईक जोडण्यात पटाईत असतो, पण खातेवही उघडायचा त्याला कंटाळा येतो, किंबहुना भीती वाटते. त्याला चढू नको म्हणण्याने काही साधत नाही. कोप्पीने बाहामोन्तेसचे चढणे थांबवले नाही. त्याच्यासमोर संपूर्ण शर्यत ठेवली. घरातील वडीलधाऱ्यांनी विक्रीचे कौतुक करतानाच वर्षअखेरचा ताळेबंद त्या मुलाच्या हाती द्यावा आणि तो वाचून होईपर्यंत त्याच्याजवळ बसावे. उतारावर बाहामोन्तेसलाही सोबत हवी होती.