आधी झेरॉक्स, मग पासपोर्ट

संपादक महोदय,



‘परदेशात मूळ पासपोर्ट कायम खिशात ठेवा’ हा आपल्या पुरवणीतला सल्ला वाचला. तो सगळ्या देशांना सरसकट लावू नये, म्हणून हे पत्र. माझी मुलगी किर्गिझस्तानात बिश्केकला डॉक्टरकी शिकते. आपल्या लातूर-नांदेडकडची कितीतरी मुले तिथे आहेत. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले केले, तेव्हा त्या देशातल्या भारतीय विद्यार्थ्यांचा सरकारी आकडा सुमारे १४,५०० होता. त्या हल्ल्यांची बातमी झाली. बाजारात एखाद्या मुलाला पोलिस अडवतो, पासपोर्ट मागतो, तो स्वतःकडे ठेवून घेतो आणि रक्कम सांगतो, याची बातमी कधीच होत नाही.

कागद चोख असले की भिण्याचे कारण नाही, असे बरेच जण म्हणतात. पण हा पोलिस कागदात चूक शोधायला आलेलाच नसतो. मुलावर ठेवण्यासारखा गुन्हाही त्याच्याकडे नसतो. त्याची सारी ताकद हातात आलेल्या पासपोर्टात असते, कारण पासपोर्टाशिवाय मूल ना परीक्षेचे काम करू शकते, ना घरी येऊ शकते. त्याच्या हातात झेरॉक्स पडली तर अडवून धरण्यासारखे त्याच्याजवळ काही उरत नाही. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या २०२३ च्या भ्रष्टाचारविषयक यादीत १८० देशांत किर्गिझस्तान १४१ वा होता आणि आपण ९३ वे. तिथल्या प्रत्येक पोलिसावर मी आरोप करत नाही. प्रामाणिक पोलिसालाही झेरॉक्स पाहून पुढची चौकशी करता येते.

‘कायदा मूळ कागद मागत असेल तर?’ हा आक्षेप रास्त आहे. नियम देशागणिक बदलतात आणि जिथे मूळ कागद मागितला जातो तिथे तो दाखवलाच पाहिजे. प्रश्न तो कुठे दाखवायचा एवढाच आहे. ‘पासपोर्ट वसतिगृहात आहे, माझ्यासोबत चला किंवा ठाण्यात आणून दाखवतो,’ असे मुलाने नम्रपणे सांगावे. ज्याला खरोखर तपासायचे आहे तो या दोन्हींपैकी एक स्वीकारेल. ज्याला पैसे हवे आहेत त्याला ठाण्यातली नोंद नको असते. नाव, बिल्ला क्रमांक आणि दंडाची पावती शांतपणे मागणेही याच कारणाने उपयोगी पडते.

‘मोबाइलमधला फोटो दाखवला की झाले’ हे मला मुळीच पटत नाही. कुलूप उघडलेला फोन परक्या पोलिसाच्या हातात गेला, की पासपोर्टाच्या जागी फोन अडकतो, आणि घरी कळवायचे साधनही त्यातच असते. प्रत कागदाचीच हवी. फोटोचे पान, व्हिसा आणि स्थानिक नोंदणी, तिन्हींची. त्यावर तारीख आणि ‘फक्त ओळखीसाठी’ असे आडवे लिहावे, म्हणजे तिचा गैरवापर करणे अवघड जाते. सोबत नोटरीने प्रमाणित केलेले रशियन भाषांतर असेल तर अधिक चांगले.

आणखी एक गोष्ट फार कमी पालकांना ठाऊक असते. व्हिसा वाढवण्यासाठी विद्यापीठ किंवा प्रवेश करून देणारे कंत्राटदार मुलांचे पासपोर्ट जमा करून घेतात. त्या काळात मूळ कागद मुलाकडे नसतोच. अशा वेळी पासपोर्ट आपल्या ताब्यात आहे असे शिक्क्याचे पत्र विद्यापीठाने द्यायला हवे. ते न मागता मिळत नाही, म्हणून मागावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, वर इंटर्नशिप. एवढा काळ मुलांनी सिनियरच्या कानगोष्टींवर काढायचा का?

‘थोडे पैसे देऊन सुटावे’ हा त्याच कानगोष्टींतला सल्ला. एकाने दिले की त्याच वसतिगृहातल्या पुढच्या मुलाला अडवले जाते, आणि रक्कम वाढते. अटक झालीच तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार आपल्या दूतावासाला कळवा असे सांगण्याचा हक्क प्रत्येक मुलाला आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला दोषी धरले ते याच कलमाच्या भंगाबद्दल. किती मुलांना हे कोणी सांगितले आहे?

लाखो रुपये घेऊन मुलांना तिकडे पाठवणाऱ्या एजंटांनी निघण्यापूर्वी या गोष्टी लेखी द्याव्यात. आपल्या दूतावासाने रशियन आणि किर्गिझ भाषेत एक कार्ड छापावे: हा भारतीय विद्यार्थी आहे, मूळ पासपोर्ट ठाण्यात दाखवेल, अडचण असल्यास या क्रमांकावर फोन करा. पुढची तुकडी विमानात बसण्यापूर्वी ते मुलांच्या हातात पडावे, एवढी परराष्ट्र मंत्रालयाला विनंती आहे.

– एक पालक, लातूर