चाक मडगार्डच्या रेषेत
मारुती स्विफ्टच्या वरच्या मॉडेलांना कंपनीकडून येणारं १८५/६५ आर १५ चं चाक मडगार्डच्या आत जरा दबूनच बसतं. ते कडेच्या रेषेत आणायचं म्हटलं की दुकानदार आधी मोठा अलॉय दाखवतो. विचारायचा असतो तो ऑफसेट, म्हणजे रिमवरचा ईटीचा आकडा. तो दहाने उतरला की चाक १० मिलिमीटर बाहेर येतं. रिम इंचभर रुंद घेतली तर आणखी १२.७ मिलिमीटर बाहेर, आणि तेवढीच आत, सस्पेन्शनच्या अंगाला. म्हणून पैसे मोजण्याआधी मडगार्डच्या कडेवरून सरळ ओळंबा सोडावा आणि तिथून रिमपर्यंतचं अंतर पट्टीने बघावं. टायर १९५/५५ आर १६ घेतला तर व्यासात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. मात्र रबराची भिंत १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते, आणि आपल्याकडचे खड्डे त्याची वसुली थेट रिमकडून करतात. चाकं बसली की मागे तिघांना कोंबून, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी एखाद्या गतिरोधकावर चढवावी, टायर घासत असेल तर आवाज तिथेच येतो.