आम्हांला विकले हो!

गेल्या श्रावणात आमच्या आळीतील सभ्य गृहस्थांचा आत्मसन्मान एकाएकी दुखावला. निमित्त क्षुल्लक होते. यवतमाळात दारव्हा रस्त्याच्या अंगाला आमची घरे. तिथे वर्षानुवर्षे पेपर टाकणारा म्हातारा एका सकाळी सायकलीवरून उतरला आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराकडे बोट दाखवून म्हणाला, "काकाजी, येत्या एक तारखेपासून हा येईन. लाईन देऊन टाकली याले. मायाकडून आता सायकल चालत नाही."

संध्याकाळी कट्ट्यावर सभाच भरली. "देऊन टाकली म्हणजे? पैसे घेतले असतील!" एकाने शोध लावला. घेतलेच होते, प्रतीमागे भाव ठरवून घेतले होते. मग काय विचारता! "म्हणजे आम्हांला विकले! आम्हांला न विचारता विकले! आम्ही काय आठवडी बाजारातली गुरे आहोत?" तिथल्या तिथे पाच-सहा घरांनी ठरवून टाकले की नव्या पोराला नकार द्यायचा. मी त्या सभेत होतो आणि एक शब्द बोललो नाही. ते न बोललेले आज बोलून टाकतो.

ज्या गृहस्थांना गुरांची उपमा सुचली, त्यांच्या मेहुण्याने भर बाजारातले दुकान सोडताना घसघशीत पगडी घेतली, तेव्हा त्यांनीच घरोघर पेढे वाटले होते. डॉक्टर म्हातारपणी आपला चालता दवाखाना तरुण डॉक्टरला देतो. तो टेबल-खुर्च्यांचे पैसे घेत नाही; त्या दारात पाय ठेवायची सवय झालेल्या रोग्यांचे घेतो. त्याला आपण प्रतिष्ठित शब्दात 'गुडविल' म्हणतो. तेच सायकलवाल्याने केले की मात्र आपण गुरे होतो! शाईच्या पेनाने केली ती देवघेव आणि कळकट वहीत केली ती चोरी, असा हा आपला न्याय.

त्या म्हाताऱ्याने विकले तरी काय? कोणत्या घरी कोणता पेपर, रविवारी कुठे दोन, कोण गावाला गेले की बंद ठेवतो, कोण महिन्याच्या एक तारखेला पैसे देतो आणि कोणाला तीनदा विचारावे लागते, कोणत्या फाटकामागे कुत्रे आहे, कोणत्या आजोबांना पेपर हातातच द्यावा लागतो. पहाटे गठ्ठे उतरतात तिथपासून शेवटच्या घरापर्यंतचा वळसा, कुठून निघाले म्हणजे चढ लागत नाही, हे त्याने पायांनी शिकून घेतले होते. हेच त्याचे वावर आणि हाच त्याचा प्रॉव्हिडंट फंड. आपण त्याला निवृत्तिवेतन देणार होतो काय?

विलायतेत घराघरांच्या खिडक्यांच्या काचा पुसणारे लोक आहेत. त्यांचीही ठरलेल्या घरांची फेरी असते, आणि धंदा सोडणारा ती फेरी महिन्याच्या उत्पन्नाच्या अमुक पट अशा हिशेबाने दुसऱ्याला विकतो. तिथल्या घरमालकिणीला त्यात अपमान वाटल्याचे ऐकिवात नाही. इतके दूर कशाला? १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या मुंबईच्या डबेवाल्यांच्या धंद्याचे कौतुक आपण देशोदेशी सांगतो. त्या डबेवाल्यांतही गिऱ्हाइकांची लाईन पैसे मोजून घेतली-दिली जाते. डबा वेळेवर पोचतो, तो ज्याच्या हाती आहे त्याचे स्वतःचे भांडवल त्यात अडकलेले असते म्हणूनही.

आता एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो कट्ट्यावर कोणी घेतला नाही म्हणून मीच घेतो. घरे विकण्या-विकत घेण्याची एक फार काळी परंपरा आपल्या देशात होती. काही भागांत मैला साफ करणाऱ्या कुटुंबांकडे ठराविक घरांचा वहिवाटीचा हक्क असे. तो गहाण पडे, विकला जाई, बापाकडून मुलाकडे जाई. हा हक्क कसा मोडावा हे पाहण्यासाठी १९६५ साली प्रा. मलकानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. 'हक्क' हे नाव आणि आत बेडी! तसली प्रथा कायद्याने बंद करायला १९९३ साल उजाडले आणि २०१३ साली पुन्हा दुसरा कायदा करावा लागला. तेव्हा घरांची खरेदी-विक्री म्हणताच ज्याच्या अंगावर काटा येतो, त्याला मी हसणार नाही.

पण फरक पाहा. तिथे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला जातीबाहेर दुसरा दरवाजा नव्हता. आमच्या म्हाताऱ्याचा मुलगा पुण्याला कारखान्यात आहे; त्याला बापाची सायकल घ्यावी लागली नाही. घेणारा पोरगा आर्णीकडच्या खेड्यातला, कोरडवाहू कापसाच्या भरवशावर राहायचे नाही म्हणून आपखुशीने आलेला. आणि आपण तर पूर्ण मोकळे! उद्या सकाळी 'नको' म्हटले की संपले. विकत घेतलेले गुरू दावणीला राहते हो. विकत घेतलेले गिऱ्हाईक फाटक लावून घेते. मग सांगा, गुरू कोण?

समजा, दोनशे घरांची लाईन त्याने कर्ज काढून घेतली आणि पहिल्याच महिन्यात चाळीस घरांनी मानापमानापायी नकार दिला. उत्पन्नाचा पाचवा हिस्सा गेला. रस्ता मात्र तेवढाच राहिला, पहाट तेवढीच, कर्जाचा हप्ताही तेवढाच. अशा रीतीने आपला आत्मसन्मान त्याच्या खिशातून भागवला जातो.

त्यात संकटे काय थोडी आहेत? २०२० च्या एप्रिलात साथीमुळे सरकारने घरोघर वृत्तपत्र वाटण्यासच मनाई केली. त्या काही दिवसांत ज्यांनी नुकतीच लाईन घेतली होती त्यांच्या हाती उरली फक्त वही. पुढे मनाई उठली, पण कितीतरी फाटके उघडली नाहीत. त्या घरातल्यांना मोबाईलवर बातम्या वाचायची गोडी लागली होती. ज्या यवतमाळात 'लोकमत' साप्ताहिक म्हणून निघत होते आणि १९७१ साली ते नागपुरातून दैनिक झाले याचा आपण अभिमान सांगतो, त्याच यवतमाळात पेपर दारात आणून टाकणाऱ्याची ही कथा. (लाईनवरून आठवले: आपली शकुंतला रेल्वे स्वातंत्र्यानंतरही किलिक-निक्सन या खाजगी कंपनीच्या मालकीच्या रुळांवरून धावत होती, आणि सरकार त्या रुळांचा मोबदला देत होते. त्या लाईनीत बसताना आपल्यापैकी कोणालाही आपण विकले गेल्यासारखे वाटले नाही!)

विकणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. लाईन विकायची, पैसे मोजून घ्यायचे आणि सहा महिन्यांनी त्याच आळीत भाच्याची सायकल फिरवायची, असे प्रकार मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. घेणारा बिचारा तोंडी शब्दावर बसलेला. वास्तविक १८७२ च्या करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात यावर सोय आहे. एरवी कोणाला धंदा करण्यापासून अडवणारा करार निरर्थक ठरतो. परंतु गुडविल विकणाऱ्याने, घेणारा तो धंदा तिथे चालवीत असेपर्यंत, ठरावीक हद्दीत तसाच धंदा करणार नाही असे कबूल केले तर ते चालते. हद्द तेवढी वाजवी हवी. अर्थात पेपरवाला कोर्टाची पायरी चढणार नाही हे मलाही समजते. पण दोन कागद लिहायला कोर्ट लागत नाही. घरांची यादी, कोणाकडे किती थकले, ती थकबाकी जुन्याची की नव्याची, पंधरा दिवस दोघांनी बरोबर फिरायचे, अर्धे पैसे आज आणि अर्धे तीन महिन्यांनी टिकलेली घरे मोजून. आळीत वकील आहेत, निवृत्त तहसीलदार आहेत. कट्ट्यावर तासभर घालवला त्यातली दहा मिनिटे पुरली असती.

शेवटी तो कागद मी लिहिला, माझ्या पडवीत, उशिरा. म्हाताऱ्याने सही केली, पोराने दोनदा वाचून केली. यादी करताना थकबाकीचा रकाना आला तेव्हा म्हातारा चाचरला. "ऱ्हाऊ द्या नं काकाजी," म्हणाला. मी आग्रह धरला आणि त्याने वही पुढे केली. सभेत सर्वांत मोठ्याने बोललेल्या घरासमोर चार महिन्यांचे बिल लिहिलेले होते. माझ्या घरासमोर दोन महिन्यांचे.

आता आळीत नवा वाद आहे. यंदाचे दिवाळीचे पोस्त कोणाला द्यायचे? श्रावणापर्यंत आणून टाकले त्या म्हाताऱ्याला की आता टाकतो त्या पोराला? मी दोघांनाही दिले. उरलेले गृहस्थ अजून कट्ट्यावर विचार करीत आहेत, आणि पोरगा रोज पहाटे त्यांचा पेपर फाटकात खोचून जातो आहे.