सायकलफेरीच्या पुढे काय?

सायकल हे गरिबाचे वाहन, ही समजूत शहरांतून केव्हाच मागे पडली आहे. आज जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टर, प्राध्यापक, वकील आणि व्यापारी मंडळी पहाटे सायकली बाहेर काढतात. हेल्मेट घालून पंधरा-वीस किलोमीटरचा फेरफटका मारतात आणि त्यांतलीच दोन-चार उत्साही माणसे पदरमोड करून एखादा गट चालवतात. ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ मध्ये तो जाहीर केल्यापासून या गटांना हक्काचा मुहूर्तही मिळाला आहे. फेरी निघते, अधिकारी हिरवा झेंडा दाखवतात, प्रदूषणमुक्तीची शपथ होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. या साऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु फेरी संपल्यावर त्याच रस्त्यावरून शाळेकडे निघालेल्या मुलीचा प्रवास त्यामुळे कणभर तरी सुरक्षित झाला का, हा प्रश्न विचारावाच लागेल. सायकलचा पुरस्कार करणाऱ्या स्वयंसेवकांच्या कामाचे मोल अखेर याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे.

बुलढाणा जिल्हा या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असे दोन भाग केले आहेत. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर आहे आणि मलकापूरकडून तेथे यायचे तर राजूरचा घाट चढावा लागतो. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद हा घाटाखालचा टापू मात्र पूर्णा खोऱ्यातला, काळ्या मातीचा आणि बराचसा सपाट. गावापासून बाजाराच्या गावापर्यंतचे अंतर अनेक ठिकाणी सायकलच्या आवाक्यातले असते. महानगरांत सायकलमार्गासाठी जागा शोधताना दमछाक होते. येथे निसर्गानेच अर्धे काम करून ठेवले आहे.

शिवाय येथे सायकल ही केवळ हौस नव्हे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मानव विकास निर्देशांकात मागे पडलेले १२५ तालुके निवडले गेले असून त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्यांचाही समावेश आहे. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना या कार्यक्रमातून सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली. सातवीनंतर मुलीची शाळा सुटते ती पुष्कळदा बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर शाळा लांब आहे म्हणून. हे ओळखून आखलेली ही योजना आहे.

तिच्यामागील तर्क पारखलेला आहे. बिहारने २००६ मध्ये नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुले व मुली यांच्यातील दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटरहून दूर होती, तेथे हा परिणाम विशेष ठळक होता. सायकल म्हणजे व्यायामाचे साधन एवढेच ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

सरकारने मुलीला सायकल दिली. ती चालवायची कोठे, याचे उत्तर मात्र दिले नाही. गेल्या काही वर्षांत विदर्भातील रस्ते रुंद झाले, गुळगुळीत झाले आणि त्यांवरील वेगही वाढला. सातशे एक किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो. त्यावर दुचाकीलाही प्रवेश नाही, मग सायकलची गोष्टच नको. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ याच मार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला. साहजिकच रस्ते सुरक्षेची सारी चर्चा तेव्हापासून द्रुतगती मार्ग आणि तेथील वाहने यांच्याभोवतीच फिरत राहिली. गावाला जोडणारा रस्ता, राज्य मार्गावरचा शाळेसमोरचा चौक आणि डांबराच्या कडेपासून वीतभर खाली गेलेली साइडपट्टी यांच्या वाट्याला ती चर्चा क्वचितच आली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील ४,८३६ सायकलस्वार होते. म्हणजे दिवसाला तेरा! यांतले फेरफटक्याला निघालेले किती आणि कामावरून किंवा शाळेतून घरी परतणारे किती, याची फोड कोणी करत नाही.

स्वयंसेवकांच्या संघटनांनी या बाबतीत काय साधले आणि त्या कोठे अडखळल्या, हे पाहण्यासाठी पुण्याकडे वळावे लागते. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात सायकल हद्दपार होऊ लागली, तेव्हा 'परिसर'सारखी संस्था आणि पुढे 'सेव्ह पुणे ट्रॅफिक मूव्हमेंट'सारखा नागरिकांचा गट उभा राहिला. या मंडळींनी फेऱ्या काढल्या. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी महापालिकेची अंदाजपत्रके वाचली, निविदा पाहिल्या, आराखड्यांवर हरकती नोंदवल्या. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने 'वाहने नव्हे, माणसे हलवायची' हे तत्त्व मान्य केले होते. त्याचा आधार घेऊन त्यांनी प्रशासनाशी वाद घातला. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यामागे अशा अनेकांचा कित्येक वर्षांचा पाठपुरावा होता.

परंतु याच पुण्याने दुसरा धडाही दिला. २००६ नंतर बीआरटीसोबत आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धेच्या निमित्ताने जे सायकलमार्ग झाले, ते ठिकठिकाणी तुटलेले होते. कोठे मध्येच विजेचा खांब, कोठे रोहित्र, कोठे टपरी, तर कोठे उभ्या केलेल्या मोटारी. सायकलस्वार त्यावरून जाईनात. मग 'कोणी वापरतच नाही' असे म्हणायला प्रशासन मोकळे! भाड्याच्या सायकलींचेही तेच झाले. २०१७ च्या अखेरीस त्या वाजतगाजत आल्या आणि 'ओफो' या चिनी कंपनीने २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला. कागदावर आराखडा मंजूर होणे म्हणजे अर्धी लढाईही नव्हे, हे पुण्यातील कार्यकर्त्यांना अनुभवाने कळले आहे.

नाशिक आणि नागपूर यांनी वेगळी वाट दाखवली. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही खडतर स्पर्धा दोघांच्या संघातून पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी पुढे ती एकट्याने पार केली. या पराक्रमांमुळे सायकलला प्रतिष्ठा मिळाली आणि मध्यमवर्गातील शेकडो माणसे खोगिरावर बसली. करोनाच्या काळात केंद्राने सायकलस्नेही शहरांसाठी स्पर्धा घेतली. २०२१ मध्ये निवडलेल्या अकरा शहरांत महाराष्ट्रातून नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होते. प्रतिष्ठा हे भांडवल आहे, यात शंका नाही. मात्र ते खर्च कशासाठी करायचे, हे ठरवावे लागते. लाखाची सायकल चालवणाऱ्या डॉक्टरांना अधिकारी आपल्या दालनात खुर्ची देतात. जुनी काळी सायकल चालवणाऱ्या मजुराला ती मिळत नाही. म्हणून पहिल्याने दुसऱ्याच्या वतीने बोलावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

अशा बोलण्यातून काय घडू शकते, याची दोन उदाहरणे मुद्दाम आठवावीत. तमिळनाडूतील पुदुकोट्टई या मागास जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेच्या स्वयंसेवकांनी ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकवायला घेतली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला बळ दिले. खाणीत आणि शेतात राबणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या हजारो बायका सायकलवर बसल्या. टिंगलटवाळी झाली; पण पाणी, बाजार, दवाखाना यांसाठी कोणाची वाट पाहायची गरज उरली नाही. हे सारे घडले ते एका जिल्ह्यात, कोणतेही महानगर हाताशी नसताना.

दुसरे उदाहरण नेदरलँड्सचे. तो देश जन्मतःच सायकलींचा होता, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींसाठी रस्ते मोकळे करण्याचा सपाटा चालला होता. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक बालके होती. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराच्या लेखातून 'मुलांच्या हत्या थांबवा' ही चळवळ उभी राहिली आणि आईबाप रस्त्यावर उतरले. पुढे १९७५ मध्ये सायकलस्वारांची संघटना स्थापन झाली. तिच्या सभासदांनी गल्लोगल्लीच्या धोक्याच्या जागा नोंदवून नगरपालिकांपुढे ठेवल्या. पुदुकोट्टई आणि नेदरलँड्स यांत एक धागा समान आहे. दोन्हीकडे चळवळीच्या केंद्रस्थानी खेळ नव्हता. ज्यांना रोज रस्त्यावर यावे लागते ती माणसे होती.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील स्वयंसेवकांनी यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे मोजणी. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी चार-सहा ठिकाणी उभे राहून किती सायकली जातात, त्यांत मुली किती, हे आठवडाभर टिपून ठेवले, तर कोणत्याही भाषणापेक्षा ते निवेदन वजनदार ठरते. रस्त्याचा आराखडा करणाऱ्या अभियंत्यापुढे मोटारींचा आकडा असतो, सायकलींचा नसतो. जे मोजले जात नाही, त्याची तरतूद होत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने दोन उपयुक्त कलमे आणली. कलम १३८ (१-अ) नुसार पादचारी आणि सायकलीसारखी विनामोटार वाहने यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. कलम १९८-अ नुसार रस्त्याचे आरेखन, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला अथवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या कलमाखालील नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश राज्यांना दिले. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे अपघातप्रवण जागांची यादी येते. तीत शाळेसमोरचे चौक यावेत, असा आग्रह लेखी स्वरूपात धरता येतो. सायकलमार्ग कसा असावा, याची इंडियन रोड काँग्रेसची मानके आहेत. नसेल तो केवळ विचारणारा.

तिसरी गोष्ट मागण्यांच्या आकाराची. खामगाव किंवा चिखलीसारख्या गावांत कोट्यवधींचा रंगीत सायकलमार्ग मागण्यात अर्थ नाही. साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणून ती मुरूम भरून घट्ट करावी, शाळेच्या दोन्ही अंगांना गतिरोधक आणि पांढरे पट्टे असावेत, एसटी स्थानकावर सायकल ठेवायला छपराची जागा असावी, बाजाररस्त्यावर रात्री दिवे लागावेत, या मागण्या साध्या आहेत. त्यांना खर्च थोडा लागतो आणि त्या पुऱ्या झाल्या की नाही, हे कोणालाही दिसते. प्रदीर्घ प्रशासक राजवटीनंतर डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या. विचारायला आता पुन्हा लोकांनी निवडलेला नगरसेवक आहे. ही संधी दवडू नये.

यावर आक्षेप येतील. वऱ्हाडातल्या उन्हात सायकल कोण चालवणार? हप्त्यावर मोटारसायकल मिळत असताना तरुण पुन्हा पायडल का मारील? पहिला आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर रस्त्याकडेच्या झाडांत आहे. रुंदीकरणात तोडलेल्या कडुनिंबांचा आणि वडांचा हिशेब मागणे हेही म्हणूनच सायकल चळवळीचेच काम ठरते. दुसरा आक्षेपही खोटा नाही. पण आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत शंभरांपैकी सुमारे ४५ घरांत सायकल होती आणि स्वयंचलित दुचाकी २१ घरांत. त्यानंतर चित्र बदलले असले, तरी ज्यांच्याकडे मोटारसायकल आली, त्यांच्या घरातही ती बहुधा कर्त्या पुरुषाच्या हाती असते. शाळकरी मुलीच्या वाट्याला सायकलच उरते.

खरा धोका वेगळाच आहे. असे गट एखाद्या उत्साही अधिकाऱ्याच्या भरवशावर फुलतात आणि त्याची बदली झाली की कोमेजतात. गट चालवणारी दोन माणसे थकली की तिसरा पुढे येत नाही. यावर उपाय एकच. ज्यांच्यासाठी काम करायचे, त्यांना गटात घ्यायचे. शाळेतील शिक्षिका, पालक, पंक्चर काढणारा, दूध आणि वर्तमानपत्र टाकणारी मुले यांना बैठकीत जागा द्यायची. पहाटेच्या फेरीला येणाऱ्यांची संख्या त्यामुळे कदाचित वाढणार नाही. पण नगर परिषदेकडे जाणारे निवेदन मूठभर हौशी मंडळींचे न राहता गावाचे होईल. शासनाने सायकल दिली आहे आणि मुलीने ती चालवण्याचे धाडस केले आहे. तिला सुरक्षित रस्ता मिळवून देणे मात्र अद्याप बाकी आहे आणि त्यासाठी दारोदार फिरण्याची तयारी ज्यांच्यापाशी आहे, ते हेच स्वयंसेवक आहेत.