थांबलेले हृदय जपणारी नळी

घरात कुणाचे हृदयाचे ऑपरेशन ठरते. डॉक्टर सांगतात, "काही वेळ हृदय थांबवावे लागेल." घरच्यांचे धाबे दणाणते. थांबलेले हृदय म्हणजे मरण, असेच आपण समजतो. तेव्हा बंधू-भगिनींनो, हे नीट समजून घेऊ.

धडधडत्या हृदयात बारीक टाके घालणे अवघड. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या मदतीने पहिले यशस्वी ऑपरेशन केले. यंत्र साऱ्या शरीराला रक्त पुरवते; पण थांबलेल्या हृदयाच्या स्वतःच्या स्नायूचे काय? १९५५ मध्ये लंडनच्या डॉ. मेलरोज यांनी पोटॅशियमने हृदय थांबवता येते हे दाखवले. त्यांची मात्रा फार तीव्र होती, स्नायूला इजा होई. पुढे ती सौम्य झाली. आज असे द्रावण बहुधा थंड करून, कधी रक्तात मिसळून देतात. निवांत, गार स्नायूला प्राणवायू फार कमी लागतो.

हे द्रावण पोहोचवते एक नळी. साधी नळी हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या मुळाशी बसवतात. तिथून ते हृदयाच्या धमन्यांत उतरते. पण पाट तुंबला की पुढचा वाफा कोरडा राहतो. धमनीच बंद असेल तर पलीकडचा स्नायू उपाशी राहतो. म्हणून दुसरी नळी मागच्या वाटेने, हृदयाचे वापरलेले रक्त परत आणणाऱ्या शिरेत घालतात. तिच्या टोकाजवळ छोटा फुगा असतो. तो द्रावण मागे सांडू देत नाही. दाब मोजायची सोयही असते, कारण दाब साधारण ४० मिलिमीटरच्या वर गेला तर शीर फाटू शकते. नळी फार आत सरकली तर हृदयाची उजवी बाजू वंचित राहते. म्हणून पुष्कळदा दोन्ही वाटा वापरतात.

काम संपले की यंत्राचे कोमट रक्त हृदयात खेळू लागते, पोटॅशियम धुऊन जाते आणि हृदय पुन्हा चालू लागते. कधी कधी विजेचा हलका झटका द्यावा लागतो.

काही बायपास चालत्या हृदयावरही होतात. आपल्या माणसाचे कसे होणार, हे सही करण्यापूर्वी विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आवर्जून सांगा; जादा पोटॅशियम बाहेर टाकणे हे त्यांचेच काम असते. विचारायला संकोच करू नका. समजून दिलेली संमती हीच खरी संमती.