यादीतले तिचे नाव

१९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. संविधानाच्या कलम ३२६ ने तो स्त्रियांनाही पुरुषांच्या बरोबरीने दिला. तरीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रिया मतदारयादीबाहेर राहिल्या. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ एवढीच त्यांची ओळख होती.

आमच्या शाळेत पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलगी उभी राहून आपले संपूर्ण नाव सांगते. परंतु विवाहानंतर माहेरच्या यादीतून गळालेले तेच नाव सासरच्या यादीत चढतेच असे नाही, हे आम्ही पाहतो. ज्याला मत नाही, त्याच्या दाराशी सत्ता कधी थांबत नाही. पालकहो, लेकीसुनांची नावे आठवणीने नोंदवा. मत कोणाला, हे मात्र त्यांचे त्यांनाच ठरवू द्या.