थोडं ॲडजस्ट कर ना!

मध्य रेल्वेवर वाढलेल्या माणसाला दोन गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. एक, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून झोप काढणं. आणि दुसरी, ‘ॲडजस्ट’ हे क्रियापद. थोडं ॲडजस्ट करा ना, काकू. होईल ॲडजस्ट, सर. काय गं, सासरी झालीस का ॲडजस्ट? डोंबिवली फास्टला लटकून ऑफिस गाठणाऱ्या आणि रात्री साडेनऊला घरी येऊन पुन्हा लॅपटॉप उघडणाऱ्या आपल्या जमातीचा तर हा राष्ट्रीय खेळच! स्ट्रेस आहे? असू दे की. होते सवय!

गेले काही आठवडे मी ठाणे ते कल्याण या पट्ट्यातल्या काही कॉलेजच्या मुलामुलींशी गप्पा मारतेय. या खेळात ते आपल्याला कधीच मागे टाकून गेलेत. कुणाच्या पायात कॅलिपर आहे, कुणाला जवळजवळ दिसत नाही, कुणाच्या कानामागे मशीन आहे. विषय एकच : टेन्शन. आणि त्याची ‘सवय होते’ म्हणजे नक्की काय होतं?

पहिला धक्का दिला तो एका टी.वाय.बी.कॉम.च्या मुलीने. डोंबिवलीत राहते, दोन कुबड्यांवर चालते, बोलायला एकदम बिनधास्त. ‘‘ताई, सकाळी सहानंतर मी पाणी पीत नाही,’’ ती सहज म्हणाली. आपण ‘रात्री आठनंतर भात खात नाही’ म्हणतो ना, त्याच सुरात. डाएट वगैरे काही नाही हो. तिला वापरता येईल असं टॉयलेट कॉलेजात एकच. तळमजल्यावर आहे, कमोड आहे, दारही रुंद आहे. फक्त त्याला कुलूप असतं. चावी शिपाईकाकांकडे आणि शिपाईकाका जागेवर नसतात. मग दुपारी अडीचला घरी पोहोचेपर्यंत घसा कोरडा. अकरावीपासून हेच चाललंय. ‘‘आता तर तहानच लागत नाही,’’ हे सांगताना तिच्या आवाजात चक्क अभिमान होता.

गेल्या वर्षभरात तिला तीनदा युरिन इन्फेक्शन झालं. शेवटच्या लेक्चरला डोकं ठणकतं. पाणी का पीत नाहीस, असं डॉक्टर विचारतात तेव्हा ती ‘परीक्षेचं टेन्शन’ असं सांगून मोकळी होते. कुलपाची गोष्ट त्यांना कुठे सांगत बसायची?

आपण याला ॲडजस्टमेंट म्हणतो. शास्त्रज्ञ काय म्हणतात ते बघा.

स्ट्रेस हा शब्द आज ज्या अर्थाने आपल्या तोंडी आहे, तो रुळवण्याचं बरंचसं श्रेय हान्स सेल्ये या संशोधकाला जातं. १९३६ साली ‘नेचर’मध्ये त्याचं एक छोटंसं टिपण छापून आलं. प्रयोग उंदरांवरचे होते. थंडी, इजा, अतिश्रम, त्रास कुठलाही असो, शरीराची प्रतिक्रिया साधारण एकाच वळणाने जाते असं त्याला दिसलं. आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं आणि ताण संपलाच नाही तर शेवटी थकून कोसळणं. यातला मधला टप्पा भलताच फसवा असतो. बाहेरून सगळं नॉर्मल दिसतं. माणूस हसतो, जोक मारतो, सबमिशनसुद्धा वेळेवर करतो. आत मात्र शरीर ओव्हरटाइम करत असतं.

हा ओव्हरटाइम फुकट होत नाही. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर या दोघांनी १९९३ साली त्याचा हिशेब मांडला आणि त्याला ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. सोप्या मराठीत सांगायचं तर शरीराची झीज. परिस्थितीशी जुळवून घ्यायला कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स कामाला लागतात. थोडा वेळ ती उपयोगीच असतात. पण रोज, वर्षानुवर्षं घंटा वाजत राहिली तर झोप, रक्तदाब, प्रतिकारशक्ती सगळ्याची वाट लागते. म्हणजे ‘सवय झाली’ याचा अर्थ त्रास संपला असा नाही, शरीराने तो उधारीवर घेतला असा आहे.

आता ही उधारी किती चढते ते बघू. कल्याणचा एक मुलगा, एस.वाय.बी.ए., दृष्टी अगदी अंधुक. स्टेशनवर अपंगांचा डबा जिथे थांबतो तिथे एक ‘बीप बीप’ आवाज येतो, तो तुम्हीही ऐकला असेल. हा त्या आवाजाच्या दिशेने जातो. पण त्याच वेळी अनाउन्समेंट चालू असते, शेजारच्या फलाटावरून फास्ट गाडी धडधडत जाते, आणि बीप हरवतो! डबा सापडला तरी आत धडधाकट मंडळी ठाण मांडून असतात. पुढे प्रत्येक स्टेशन मोजायचं, उतरल्यावर पायऱ्या मोजायच्या, रिक्षाच्या रांगेचं शेपूट शोधायचं. पहिल्या लेक्चरला बसतो तेव्हा डोक्याची अर्धी बॅटरी संपलेली असते. आपण त्या वेळी पहिला चहा घेत असतो.

ठाण्याची एक मुलगी ऐकू येण्याचं मशीन वापरते आणि सोबत ओठ वाचते. सर फळ्याकडे वळले की वाक्य गेलं! उरलेलं अंदाजाने भरायचं. दिवसभर असं गाळलेल्या जागा भरणं चालू असतं. ‘‘कान दुखत नाहीत, मेंदू दुखतो,’’ ती म्हणाली. संध्याकाळी मैत्रिणी कट्ट्यावर बसतात, ही घरी जाऊन झोपते. लोकांना वाटतं, शिष्ट आहे.

ख्रिस्टीन मिझरँडिनो नावाच्या एका अमेरिकन लेखिकेने २००३ साली हे फार मस्त समजावलं होतं. तिला ल्युपस हा आजार आहे. मैत्रिणीने विचारलं, आजारी असणं म्हणजे नेमकं कसं असतं? तिने हॉटेलातल्या टेबलांवरचे चमचे गोळा करून मैत्रिणीच्या हातात दिले. हे तुझे आजचे चमचे. आंघोळीला एक गेला, कपडे घालायला एक, प्रवासाला आणखी एक. संपले की दिवस संपला. इतरांना चमचे मोजावे लागत नाहीत, हाच काय तो फरक. गंमत म्हणजे, ही थिअरी मी सांगितली तेव्हा कल्याणचा तो मुलगा पटकन म्हणाला, ‘‘माझे अर्धे चमचे कल्याण स्टेशनच खातं!’’

आणि परीक्षा? तिथे तर खरी धमाल! दिसत नसेल किंवा लिहिता येत नसेल तर रायटर घेता येतो आणि केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान वीस मिनिटं जास्त मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. कागदावर एकदम छान. पण बऱ्याच परीक्षांत रायटर हा परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा लागतो. म्हणजे तुम्ही-आम्ही पदवीधर मंडळी कितीही उत्साही असलो तरी बाद. मग अकरावी-बारावीतली पोरं शोधा, त्यांच्या आईबाबांना पटवा, फॉर्मवर सह्या आणा. पेपरच्या दिवशी सकाळी सात वाजता मेसेज येतो : ‘दादा सॉरी, ताप आलाय.’ बाकीचा वर्ग त्या वेळी शेवटची रिव्हिजन करत असतो. हा मुलगा फोनवर फोन लावत असतो.

मानसशास्त्रातली एक जोडी आहे, रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन. त्यांचं १९८४ चं पुस्तक आजही वर्गात शिकवलं जातं. ताण हाताळायचे दोन मार्ग, असं ते सांगतात. एक, प्रश्नच सोडवायचा. दोन, प्रश्नामुळे होणारी घालमेल सांभाळायची. प्रश्न आपल्या हातातला असेल तर पहिला मार्ग, नसेल तर दुसरा. आता मला सांगा, चावी शिपाईकाकांच्या खिशात असेल तर त्या मुलीकडे कुठला मार्ग उरतो? आपण तिला मेडिटेशन शिकवू, पॉझिटिव्ह थिंकिंगचं वर्कशॉप घेऊ. कुलूप आहे तिथेच!

‘पण बघा ना, त्या प्रांजल पाटीलने करून दाखवलंच की!’ हे वाक्य या प्रत्येकाने किमान दहा वेळा ऐकलंय. प्रांजल पाटील आपल्या शेजारच्याच, उल्हासनगरच्या. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. दादरच्या कमला मेहता अंध शाळेत शिकल्या, बारावी उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजातून केली आणि मग बी.ए.साठी सेंट झेवियर्स. म्हणजे रोज उल्हासनगर ते सीएसटी आणि परत! पुढे जेएनयू. यूपीएससीच्या २०१६ च्या परीक्षेत पास झाल्या, पण मिळालेली रेल्वेची लेखा सेवा त्यांना दिसत नाही म्हणून नाकारली गेली. पुढच्याच वर्षीच्या परीक्षेत त्यांनी देशात १२४ वा नंबर काढला आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला सब-कलेक्टर झाल्या.

सलामच! पण या गोष्टीतला अर्धा भाग आपण सांगतच नाही. त्या ज्या झेवियर्समध्ये शिकल्या, तिथे २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी खास रिसोर्स सेंटर आहे. अभ्यासाला त्यांच्याकडे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं ‘जॉज’ हे सॉफ्टवेअर होतं. जिद्द होतीच, पण जिद्दीला टेकू होता. प्रत्येक कॉलेजात असा टेकू आहे का? अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशात चार कोटींहून जास्त विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यात अपंग विद्यार्थी सुमारे ७९ हजार. म्हणजे पाचशेत एक! २०११ च्या जनगणनेत मात्र देशाच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या वर होतं. बाकीचे कुठे गळले? त्या सगळ्यांकडे जिद्द नव्हती, असं आपण म्हणणार आहोत का?

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा बराच पुढे आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. ज्याला जशी गरज असेल तशी वाजवी सोय करून देणं, ही संस्थेची जबाबदारी आहे, उपकार नव्हे. विकास कुमार खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की, अपंगत्व चाळीस टक्क्यांपेक्षा कमी आहे, एवढ्याच कारणाने कुणाला रायटर नाकारता येणार नाही. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी खटल्यात कोर्टाने बजावलं की, सुगम्यता म्हणजे नुसत्या शिफारशी नव्हेत, किमान निकष सक्तीचेच हवेत. म्हणजे रॅम्प ‘जमलं तर’ नाही. लिफ्ट ‘फंड आला तर’ नाही.

डोंबिवलीच्या त्या मुलीने आणि तिच्या दोन मित्रांनी मिळून एक अर्ज लिहिला. अगदी साधा, एका पानाचा, त्यात कायद्याचं नाव आणि वर्ष. दोन आठवडे काहीच झालं नाही. मग त्यांनी पोच मागितली. तिसऱ्या आठवड्यात कुलूप निघालं. खर्च शून्य रुपये. शरीराला मात्र कळायला वेळ लागतोय. चार वर्षं तहान दाबलेली, ती एकदम कशी परत येणार? सध्या ती मोबाइलवर अलार्म लावून पाणी पिते. कॉलेजच्या वेळेत अर्धी बाटली संपते. लाझारस-फोकमनचा पहिला मार्ग तो हाच!

बरं, आपण काय करायचं? लई भारी असं काही नाही. अपंगांच्या डब्यात चढायचं नाही, कितीही घाई असली तरी. पांढरी काठी दिसली की दंड धरून ओढत न्यायचं नाही, ‘मदत हवी का?’ विचारायचं आणि ‘नको’ म्हणाले तर राग मानायचा नाही. घरात अकरावी-बारावीतलं भावंडं असेल तर त्याला रायटर व्हायला सांगायचं आणि पेपरच्या दिवशी स्वतः उठवून पाठवायचं. चुलतभाऊ, मैत्रिणीची बहीण असं कुणी फारच कोमेजलेलं दिसलं तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर द्यायचा. कॉल फुकट आहे, कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि ‘तुला बघून मला किती प्रेरणा मिळते’ हे वाक्य कृपया गिळून टाकायचं. ठाण्याच्या त्या मुलीला प्रेरणा बनायचं नाहीये. तिला फक्त सरांनी फळ्याकडे पाठ करून बोलायला हवंय.

आणखी एक. वर्ष-दोन वर्षांत ही मुलं पास होतील आणि इंटरव्ह्यूचे कॉल येतील. कदाचित तुमच्याच ऑफिसातून. तेव्हा उद्या सकाळी पंच करण्याआधी एक काम करा. गेटपासून तुमच्या डेस्कपर्यंत पायऱ्या किती, ते मोजा. टॉयलेटच्या दारातून व्हीलचेअर जाईल का ते बघा. आणि त्याला कुलूप असेल तर चावी कुणाकडे असते, तेवढं ॲडमिनला विचारून ठेवा.